अंगावरील गांठ झांकूं नये, दाखवावी
(मंडळ्यांतील अभ्यासवर्गांकरितां धडा)

शास्त्रभाग : लेवीय १३:१-८ व १८-२८, २ राजे २०:१-७, लूक १०:३०-३५.
पाठ करावयाचें वचन : मार्क २:१७.



लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय प्रभुवारच्या उपासनेंत क्वचितच वाचला जातो. त्यांत सूज, चट्टे, पांढरे केस, जळल्याची जागा अशा गोष्टींचें लांबलचक वर्णन आहे, आणि वाचणाऱ्यास वाटतें कीं, ही रानांतील इस्राएल लोकांच्या छावणीची जुनी व्यवस्था. हिचा आमच्याशीं काय संबंध? परंतु ह्या अध्यायांत एक रीत वारंवार सांगितली आहे, आणि ती रीत आज चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आपल्या कित्येक बांधवांचा जीव वाचवूं शकेल. ह्यास्तव ह्या आठवड्यांत आम्ही हा अध्याय शरीराच्या आरोग्याच्या दृष्टीनें वाचकांपुढें ठेवीत आहों. उपदेशकांनीं व बायबलबायांनीं हा धडा वर्गांत सावकाश वाचून दाखवावा, आणि ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्या घरीं जाऊन सांगावा.

१. शास्त्रभागांतील रीत

त्या अध्यायांतील रीत चार पायऱ्यांची आहे. पहिली, ज्याच्या अंगावर डाग दिसला त्यास याजकाकडे आणावें. दुसरी, याजकानें तो डाग स्वतः डोळ्यांनीं पाहावा, आणि तो वरवरचा आहे कीं त्वचेच्या खोल गेला आहे हें पारखावें. तिसरी, शंका राहिल्यास सात दिवस थांबून पुन्हां पाहावें, आणि डाग पसरला कीं जसाच्या तसा आहे हें ठरवावें. चौथी, निर्णय स्पष्ट शब्दांत सांगावा. शिवाय अठराव्या वचनापासून बऱ्या झालेल्या गळवाची जागा, आणि चोविसाव्या वचनापासून भाजल्याची जागा, निराळी तपासावयास सांगितली आहे.

येथें एक सावधगिरी पाळली पाहिजे. ह्या अध्यायांत जो रोग आहे तो म्हणजे आजचा कर्करोग, असें कोणी शिकवूं नये. तो सर्वस्वीं आजचा कुष्ठरोग आहे, असेंही नाहीं, मूळ इब्री शब्दांत त्वचेचे अनेक विकार येतात, आणि त्याच शब्दानें वस्त्रावरील व घराच्या भिंतीवरील डागांचेंही वर्णन केलें आहे (लेवीय १३:४७, १४:३४ पाहा). आम्हांस येथें रोगाचें नांव शोधावयाचें नसून रीत शिकावयाची आहे. दाखविणें, नीट पाहणें, थोडें थांबून पुन्हां पाहणें, आणि निर्णय ऐकणें, ही ती रीत होय. शंका असतां याजकानें "जाऊं द्या, कांहीं नाहीं" असें म्हटलें नाहीं, आणि घाईनें "हा अशुद्ध" असेंही म्हटलें नाहीं. आज त्वचेचा डाग पारखण्याचें शिक्षण पाळकास नसून डॉक्टरास आहे. म्हणून जेथें तेव्हां याजक होता तेथें आज आम्हीं डॉक्टराकडे जावें.

२. त्वचेचा कर्करोग म्हणजे काय

आपलें शरीर अतिसूक्ष्म पेशींचें बनलें आहे. जुन्या पेशी झडतात व नव्या त्यांची जागा घेतात. हें काम मर्यादेनें चालतें. कांहीं कारणानें एखाद्या जागच्या पेशी मर्यादा सोडून वाढूं लागल्या, व शेजारच्या निरोगी भागांत शिरूं लागल्या, म्हणजे त्यास कर्करोग अथवा लोकांच्या बोलण्यांत कॅन्सर म्हणतात. तो त्वचेवर झाला असतां डोळ्यांस दिसतो. पोटांतील किंवा फुप्फुसांतील कर्करोग शोधण्यास यंत्रें लागतात. परंतु त्वचेचा रोग घरचें मूलसुद्धां प्रथम पाहूं शकतें. असें असून जर लोक त्यानेंच दगावत असतील, तर न दिसल्यामुळें नव्हे, दिसलेलें न दाखविल्यामुळें दगावतात.

ह्याचे मुख्य प्रकार तीन आहेत. एक बहुधा तोंडावर, नाकाजवळ किंवा डोळ्याच्या कोपऱ्याशीं होतो. तो मोत्यासारखा चकचकीत उंचवटा असतो, आपल्या सांवळ्या लोकांत पुष्कळदां काळसर दिसतो, मध्यें खपली धरतो, खपली पडली कीं थोडें रक्त येतें, आणि पुन्हां खपली धरतो. तो हळूहळू वाढतो व दूर क्वचितच पसरतो, पण दुर्लक्ष केल्यास नाक किंवा डोळा खातो. दुसरा खरखरीत, कठीण, चामखिळीसारखा किंवा उलटलेल्या कडांच्या जखमेसारखा असतो. तो जुन्या व्रणावर, भाजल्याच्या जागेवर व वर्षानुवर्षें न भरलेल्या जखमेवर विशेष होतो, आणि काखेंतील किंवा जांघेंतील गांठींत पसरूं शकतो. तिसरा काळ्या तिळासारखा असतो. तो तिहींत विरळ पण सर्वांत भयंकर होय, कारण तो लवकर खोल जाऊन रक्ताबरोबर इतर अवयवांत पोंचतो.

गोऱ्या लोकांच्या देशांत हा रोग पुष्कळ आढळतो. आपल्या त्वचेंतील काळा रंग सूर्याच्या तापापासून आपलें रक्षण करतो, म्हणून हिंदुस्थानांत तो कमी आहे. परंतु कमी म्हणजे मुळींच नाहीं असें नव्हे. उलट, "हा गोऱ्यांचा रोग" अशी समजूत असल्यामुळें आपल्यांतील रोगी उशीरां येतात. ज्यांची त्वचा, केस व पापण्या जन्मापासूनच पांढुरक्या आहेत, त्यांस तर उन्हापासून फारच मोठें भय आहे. अशीं मुलें मंडळींत असतील तर त्यांस टोपी, लांब बाह्यांचें वस्त्र व छत्री द्यावी, आणि दुपारीं गुरांमागें पाठवूं नये.

३. आपल्या देशांत काय दिसून आलें

चर्च मिशनरी सोसायटीचे डॉक्टर एल्मस्ली यांनीं १८६५ सालीं काश्मिरांत श्रीनगर येथें वैद्यकीय सेवा आरंभिली. तेथें थंडीच्या दिवसांत लोक वेताच्या टोपलींत बसविलेलें मातीचें भांडें निखाऱ्यांनीं भरून, अंगरख्याच्या आंत पोटाशीं धरून वावरतात. त्यास कांगडी म्हणतात. पोट व मांडी ह्यांवरील कातडें वर्षानुवर्षें भाजून त्याच जागीं कर्करोग होतो, हें एल्मस्ली यांनीं १८६६ सालीं लिहून प्रसिद्ध केलें. पुढें त्याच मिशन रुग्णालयांत आर्थर नीव्ह व अर्नेस्ट नीव्ह ह्या दोघां भावांनीं असे रोगी पुष्कळ वर्षें तपासले व शस्त्रक्रियेनें बरे केले, आणि अर्नेस्ट नीव्ह यांनीं १९२३ सालीं त्याविषयीं पुन्हां सविस्तर लिहिलें. ख्रिस्ताच्या नांवानें गेलेल्या वैद्यांनीं रोग्याची वस्त्रें बाजूस करून, तो कोठें बसतो, अंगाशीं काय धरतो, हें विचारलें, म्हणून कारण सांपडलें.

आतां महाराष्ट्राकडे येऊं. मुंबईचें टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४५ सालीं एका सहकाऱ्यासह असें दाखवून दिलें कीं, धोतर कमरेस एकाच जागीं रोज घट्ट आवळल्यानें तेथील कातडें घासून काळें-पांढरें होतें, जाड होतें, आणि कांहींच्या बाबतींत तेथेंच कर्करोग उद्भवतो. पुढें लुगडें व परकर ह्यांच्या बाबतींतही हेंच दिसून आलें. आपल्या शेजारच्या वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारांतील मधुबनीचें वैद्यकीय महाविद्यालय येथील डॉक्टरांनीं २०२४ सालीं दोन वृद्ध स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एकीच्या उजव्या कुशीवरील जखम अठरा महिने भरली नव्हती. दुसरी चाळीस वर्षें कमरेस लुगडें घट्ट बांधीत आली होती. तिची जखम दोन वर्षें वाहत होती, आणि तपासलें तेव्हां रोग जांघेंतील एका गांठीपर्यंत पोंचला होता.

ह्यावरून आपल्या बहिणींनीं लुगडें सोडावें असें आम्ही म्हणत नाहीं. लुगडें आपल्या आयाबहिणींचा पोशाख आहे, आणि त्यांत दोष नाहीं. दोष आवळण्यांत आहे. नाडा रुंद असावा, गांठ रोज थोडी वरखालीं व्हावी, घरीं असतां बंध सैल करावा, आणि कमरेवर काळा-पांढरा पट्टा, खाज किंवा चीर दिसतांच तेथील दाब काढावा. चीर भरली नाहीं तर दाखवावी. पुष्कळ बाया ही जागा लाजेनें कोणासही सांगत नाहींत, नवऱ्यासही सांगत नाहींत. बायबलबाईनें ही गोष्ट स्त्रियांच्या सभेंत उघडपणें बोलावी, म्हणजे लाज जाईल.

४. जुनी जखम व जुना व्रण

फ्रान्स देशांतील मार्जोलिन नांवाच्या वैद्यानें १८२८ सालीं जुन्या व्रणांवर वाढणाऱ्या विचित्र जखमांचें वर्णन केलें, म्हणून अशा जखमेस आजही त्याचें नांव देतात. लहानपणीं शेकोटींत पडलेलें मूल बरें होतें; पण व्रण सांध्यावर ताणला जातो, चिरतो, भरतो, पुन्हां चिरतो. असें वीस-तीस वर्षें चाललें कीं कधीं कधीं तेथें कर्करोग होतो. आमच्या गांवांत चुलीशीं भाजलेल्या स्त्रिया व शेकोटीशीं भाजलेले पुरुष थोडे नाहींत. त्यांनीं आपला व्रण दर महिन्यास पाहावा. तो पुन्हां उकलला, तेथें फुलकोबीसारखें मांस वाढलें, दुर्गंधी आली किंवा सहज रक्त येऊं लागलें, तर "जुनेंच आहे" असें म्हणूं नये.

हाच धोका कुष्ठरोगानें ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे त्यांसही आहे. ह्या दोन जिल्ह्यांत कुष्ठरोग पूर्वीं फार होता व अद्यापि नाहींसा झालेला नाहीं; वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनीं आनंदवन वसविलें तें ह्याच दुःखासाठीं. रोगाचे जंतु औषधानें मेले तरी बधिर तळव्यावरील जखम पुष्कळ वर्षें राहते. ती दुखत नाहीं, म्हणून तिच्यांतील बदलही कळत नाहीं. अशा बांधवाच्या पायाची पट्टी बदलतांना मंडळींतील कोणी तरी ती जखम डोळ्यांनीं पाहिली पाहिजे. येथें हेंही सांगतों कीं, अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असून तेथें स्पर्श कळत नसेल, तर तो बहुधा कर्करोग नसून कुष्ठरोगाचा असूं शकतो. त्याचें औषध सरकारी केंद्रांत फुकट मिळतें व तो पूर्ण बरा होतो. म्हणून तोही चट्टा दाखवावा.

पाण्याविषयींही दोन शब्द. गडचिरोलीच्या पूर्वेस छत्तीसगडांतील अंबागड चौकीच्या भागांत, कौडीकसा व आसपासच्या गांवीं, जमिनींतील पाण्यांत सोमल असल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. असें पाणी वर्षानुवर्षें पिणाऱ्यांच्या अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके येतात, तळहात व तळपाय ह्यांवर कठीण गांठी होतात, आणि त्यांतील कांहींचा पुढें कर्करोग होतो. सीमेपलीकडे सोयरिकी असलेल्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. एकाच घरांतील अनेकांच्या तळहातांवर अशा गांठी दिसल्या, तर रोग्यांबरोबर पाणीही तपासून घ्यावें.

५. तळव्यावरील काळा ठिपका

काळ्या तिळासारखा जो भयंकर प्रकार सांगितला, तो आपल्यासारख्या सांवळ्या लोकांत पाठीवर किंवा तोंडावर होण्याऐवजीं बहुतकरून तळपायावर, तळहातावर किंवा नखाखालीं होतो. रानांत अनवाणी चालणाऱ्यांस हें समजणें फार अगत्याचें आहे. समजा, एका भावाच्या टांचेवर काळा ठिपका आहे. तो म्हणतो, "मोहफुलें वेंचतांना कांटा मोडला." सुईनें उकरतो, कांटा निघत नाहीं. दुसरा म्हणतो, "कुरूप आहे," आणि त्यावर बिब्बा लावितो. बिब्ब्यानें कातडें जळतें, जखम होते, आणि आतां मूळ डाग कसा होता हें डॉक्टरासही कळत नाहीं. असे सहा महिने जातात. मग जांघेंत गांठ येते. येथें कोणीं वाईट हेतूनें कांहींच केलें नाहीं. केवळ दाखविलें नाहीं.

तीळ सर्वांस असतात, व त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. म्हणून प्रत्येक तिळाची धास्ती घेऊं नये. पांच गोष्टी पाहाव्या. तिळाचे दोन अर्धे एकमेकांसारखे आहेत काय? कड साफ आहे कीं वेडीवांकडी आहे? रंग एकच आहे कीं काळा, तपकिरी, तांबडा असा मिसळलेला आहे? तो तुरीच्या मोठ्या दाण्याहून, म्हणजे सुमारें ६ मिलिमीटरांहून, मोठा आहे काय? आणि गेल्या कांहीं महिन्यांत तो बदलला आहे काय? पांचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जन्मापासून जसाच्या तसा असलेला तीळ व गेल्या दिवाळीनंतर दुप्पट झालेला तीळ, हे दोन सारखे नव्हेत.

नखांविषयींही असेंच. सांवळ्या माणसांच्या अनेक नखांत फिकट काळ्या रेघा असूं शकतात. त्यांत भय नाहीं. परंतु एकाच नखांत नवी काळी रेघ आली, ती रुंद होत चालली, किंवा तिचा रंग नखाबाहेर कातड्यावर उतरला, तर विलंब करूं नये. ज्या स्त्रियांच्या अंगावर गोंदण आहे त्यांनीं गोंदणाच्या आंत किंवा कडेस नवा उंचवटा येतो काय हें बोटानें चांचपून पाहावें, कारण गोंदणाच्या रंगांत डाग लपतो.

एकंदरींत नियम असा धरावा : जी जखम चार आठवड्यांत भरली नाहीं, जी गांठ वाढते, जिचा रंग पालटतो, जिच्यांतून कारणावांचून रक्त येतें, ती दाखवावी. दुखत नाहीं म्हणून स्वस्थ बसूं नये; हा रोग आरंभीं बहुधा दुखतच नाहीं. तोंडाच्या आंतील जखम तर दोन आठवड्यांतच दाखवावी. खर्रा व तंबाखू खाणाऱ्यांनीं हें विशेषेंकरून लक्षांत घ्यावें.

६. काय करूं नये

संशयाच्या गांठीवर बिब्बा, चुना किंवा दाहक मलम लावूं नये. तिला डाग देऊं नये. केसानें किंवा दोऱ्यानें आवळून पाडूं नये, व न्हाव्याकडून वस्तऱ्यानें कापून घेऊं नये. गांवांतील वैदूचा आम्ही उपहास करीत नाहीं. त्यास पुष्कळ झाडपाला ठाऊक असतो व संकटसमयीं तो दाराशीं येतो. त्यास एवढेंच सांगावें, "भाऊ, आधीं डॉक्टरास पाहूं द्या." आमच्या अनुभवाप्रमाणें प्रेमानें विचारलें असतां तो हट्ट धरीत नाहीं.

७. रुग्णालयांत काय होतें

पुष्कळ लोक अज्ञात गोष्टीस भितात. म्हणून तेथें काय होतें हें सांगतों. प्रथम उपकेंद्रांतील परिचारिकेस किंवा गांवच्या आशाताईस दाखवावें, आणि तेथून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टराकडे जावें. त्यांस शंका वाटली तर ते गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयांत किंवा चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत पाठवितात. चिठ्ठी मागून घ्यावी व जपून ठेवावी. स्त्रियांनीं स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका जवळ असावी असें म्हणण्यास संकोचूं नये.

तेथें डॉक्टर सर्व अंग पाहतात, काख व जांघ चांचपतात, आणि जरूर वाटल्यास गांठीचा लहानसा तुकडा, अथवा लहान गांठ असेल तर सगळीच, काढून घेतात. त्यास बायोप्सी म्हणतात. त्यापूर्वीं ती जागा सुईनें बधिर करितात, म्हणून सुईच्या टोंचणीपलीकडे फारसें दुःख होत नाहीं, आणि बहुधा त्याच दिवशीं घरीं येतां येतें. तो तुकडा सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहून रोग आहे कीं नाहीं हें सांगतात. त्याचा अहवाल येण्यास कांहीं दिवस लागतात. येथेंच पुष्कळांची चूक होते : टांके सुकले, जागा भरली, म्हणून अहवाल आणावयास कोणी जात नाहीं. तुकडा देऊन अहवाल न आणणें म्हणजे याजकाकडे जाऊन त्याचा निर्णय ऐकण्यापूर्वींच परत येणें होय.

"लोखंड लागलें कीं कॅन्सर पसरतो" असें गांवोगांव म्हणतात. ही समजूत खोटी आहे, पण ती कशी उत्पन्न झाली हें समजून घ्यावें. लोक फार उशीरां जातात. रोग आधींच आंत पसरलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर रोगी मरतो, आणि दोष चाकूस लागतो. जो वेळेवर गेला तो बरा होऊन शेतावर कामास लागतो; त्याची गोष्ट कोणी सांगत नाहीं. आरंभीं सांपडलेला त्वचेचा कर्करोग बहुतकरून गांठ व तिच्या भोंवतालची थोडी निरोगी कातडी काढल्यानेंच बरा होतो. काळ्या तिळाच्या प्रकारांत तर खोली मिलिमीटरांत मोजतात. एका मिलिमीटरापेक्षां कमी खोल असतां काढला, तर बहुतेक रोगी बरे होतात. विलंबाचा अर्थ येथें किती सूक्ष्म मापानें कळतो तें पाहा.

मोठ्या उपचारांची गरज पडल्यास नागपूर येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, आणि सेवाग्राम येथें कस्तुरबा रुग्णालय आहे. खर्चाच्या भीतीनें कोणी घरीं बसूं नये. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाचे उपचार येतात. योजनेंतील रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतो, त्यास शिधापत्रिका व ओळखपत्र दाखवून विचारावें. उपचारासाठीं जाणाऱ्या कर्करोग्यास व त्याच्या सोबत्यास रेल्वेच्या भाड्यांत सवलत मिळते. त्यासाठीं रुग्णालयाचा दाखला घ्यावा.

वेळेचाही विचार करावा. तेंदुपत्ता झाला कीं जाऊं, रोवणी झाली कीं जाऊं, असें म्हणतां म्हणतां पावसाळा लागतो. पर्लकोटेस पूर आला कीं भामरागडची वाट कित्येकदां बंद पडली आहे. म्हणून संशय आला त्याच आठवड्यांत निघावें.

८. प्रार्थना व औषध

कोणी विचारील, "आमचा विश्वास असतां डॉक्टर कशाला?" हिज्कीया राजा मरणाच्या दारीं होता. त्यानें रडून प्रार्थना केली, आणि देवानें ती ऐकली. तरी त्याच संदेष्ट्यानें गळवावर अंजिरांची ढेप बांधावयास सांगितलें, आणि तो बरा झाला. उत्तर स्वर्गांतून आलें, आणि लेप घरांतून आला. देवानें ज्यास बरें करण्याचें आश्वासन दिलें होतें त्यासही औषध लावावें लागलें, तर आम्हीं तें कां टाळावें? प्रभूनेंही दहा कुष्ठरोग्यांस स्वतःस याजकांस दाखवावयास पाठविलें (लूक १७:१४), आणि पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्य होता (कलस्सै. ४:१४). याकोब मंडळीच्या वडिलांस रोग्यावर प्रार्थना करावयास सांगतो. तो रोग्यास औषधापासून परावृत्त करावयास सांगत नाहीं.

दुसरी गोष्ट, हा रोग शाप नव्हे, व रोग्याच्या एखाद्या गुप्त पापाची शिक्षा नव्हे. ईयोबाच्या सर्वांगास फोड आले तेव्हां त्याच्या मित्रांनीं त्यास दोषी ठरविलें, आणि शेवटीं देवाचा कोप मित्रांवरच झाला. हा रोग स्पर्शानें लागत नाहीं, एका ताटांत जेवल्यानें लागत नाहीं, आणि प्रभुभोजनाच्या प्याल्यानेंही लागत नाहीं. रोग्यास निराळें बसवणाऱ्या मंडळीनें ख्रिस्ताचा हात ज्यांस लागला त्यांची आठवण करावी.

९. मंडळीचें कर्तव्य

चांगल्या शोमरोन्यानें जखमी मनुष्यास केवळ सल्ला दिला नाहीं. त्यानें जखमा बांधल्या, त्यास आपल्या जनावरावर बसविलें, उतारशाळेंत नेलें, पैसे दिले, आणि अधिक खर्च झाल्यास "परत येईन तेव्हां देईन" असें म्हटलें. आमच्या गांवांत "रुग्णालयांत जा" असें सांगणारे पुष्कळ असतात. बरोबर जाणारे थोडे असतात. म्हाताऱ्या विधवेस गडचिरोलीस कोठें उतरावें, कोणत्या खिडकीशीं उभें राहावें, हें ठाऊक नसतें. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या बहिणीस डॉक्टराची मराठी पुरती कळत नाहीं. म्हणून प्रत्येक मंडळीनें एक भाऊ व एक बहीण ह्या कामासाठीं नेमावी. त्यांनीं रोग्याबरोबर जावें, चिठ्ठ्या संभाळाव्या, अहवालाची तारीख लिहून ठेवावी, आणि त्या दिवशीं पुन्हां जावें. रोग्याच्या घरीं गुरें कोण पाहील, मुलांस कोण जेवूं घालील, हें वडिलांनीं आधींच ठरवावें. कारण बहुतेक माणसें भीतीपेक्षां ह्या अडचणींनींच अडून राहतात.

कर्करोग नाहीं असा अहवाल आला, तर रोग्यास कोणी हंसूं नये, व "उगाच खर्च केला" असें म्हणूं नये. लेवीय पुस्तकांतही याजकाकडे गेलेल्या पुष्कळांस "शुद्ध" असें ऐकून परत येतां आलें. तें ऐकण्यासाठींच जावयाचें असतें. अहवाल वाईट आला, तर त्या संध्याकाळीं त्या घरीं मंडळीनें असावें. बोलण्यास शब्द नसले तरी बसून राहावें.

चर्चेसाठीं प्रश्न

१. लेवीय १३ मधील याजकाच्या रीतीच्या चार पायऱ्या कोणत्या? त्यांतील कोणती पायरी आपल्या गांवीं अधिक वेळां चुकते?
२. तिळाविषयीं पाहावयाच्या पांच गोष्टी सांगा. त्यांत सर्वांत महत्त्वाची कोणती व कां?
३. भाजल्याचा जुना व्रण व बधिर पायाची जखम ह्यांवर विशेष लक्ष कां ठेवावें?
४. "लोखंड लागलें कीं रोग पसरतो" असें म्हणणाऱ्या शेजाऱ्यास तुम्ही काय उत्तर द्याल?
५. हिज्कीयाच्या गोष्टींत प्रार्थना व औषध एकत्र कशीं आलीं?
६. आपल्या मंडळींतून रोग्याबरोबर जाण्यास कोण तयार आहे? त्यांचीं नांवें आजच लिहून घ्या.

ह्या आठवड्याचें काम : प्रत्येक कुटुंबानें शनिवारीं स्नानाच्या वेळीं तळपाय, तळहात, नखें, कमर, पाठ व जुने व्रण उजेडांत पाहावे. पाठ एकमेकांची पाहावी. नवऱ्यानें बायकोची, मुलीनें आईची. कांहीं संशयास्पद दिसल्यास प्रभुवारीं उपासनेनंतर नेमलेल्या भावास किंवा बहिणीस एकांतांत सांगावें, आणि सोमवारीं त्यांच्याबरोबर आरोग्य केंद्रांत जावें.